कुंपणातली वाट : परसातील प्राणिनिरीक्षणाचा एक मराठी इतिहास



या व्याख्यानमालेसाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानाला थोर पुरुषांची चरित्रे, राज्यांचे उदयास्त किंवा वाङ्मयीन वाद हेच विषय शोभतात, असा एक समज आहे. मी मात्र आज आपल्याला घराच्या मागील दारी नेणार आहे. जिथे तुळशीचे पाणी वाहून जाते, भांडी घासली जातात, आळूची पाने वाढतात आणि रात्री कोणी तरी सरसर करीत कुंपणातून आत येते, ते परस हा माझा विषय आहे. परसात येणाऱ्या प्राण्यांकडे माणसाने पाहिले कसे, पाहून त्यांना नावे कोणती दिली आणि त्या पाहण्याची नोंद कोणी ठेवली, याचाही एक इतिहास आहे. त्यात सातारा आहे, मुंबई आहे, जुने हैदराबाद राज्य आहे आणि आपला हा सरहद्दीवरचा मुलूखही आहे.

विषयाचे निमित्त सांगतो. सेवानिवृत्तीनंतर मी नेरडीगोंड्याला राहतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे, सागाच्या रानाने वेढलेले हे गाव कुंटाळा धबधब्यामुळे दूरवर ठाऊक आहे. तेलुगूत जांभळाला ‘नेरेडु’ म्हणतात, त्यामुळे गावाचे नाव उच्चारले की मला जांभळाची आठवण होते. माझ्या परसातही एक जांभूळ आहे. शेजारची शाळकरी मुले कधी काळे-पांढरे काटे घेऊन येतात आणि विचारतात, “आजोबा, हा कोणाचा काटा?” काटा असतो सायाळीचा. परंतु पाठ्यपुस्तकातील चित्र दाखवून एक मुलगी म्हणाली, “यात तर हा चेंडूसारखा गोल झालाय. आपली सायाळ कुठे गोल होते?” तिचा प्रश्न बिनतोड होता. चित्र दुसऱ्याच प्राण्याचे होते. त्या प्राण्यापासूनच आपण सुरुवात करू.

(१) नावाचा शोध

त्या प्राण्याला मराठी ग्रंथांत ‘जाहक’ म्हणतात. सायाळ आणि जाहक हे दोघेही काटेरी असले, तरी त्यांचे नाते केवळ काट्यांपुरते आहे. सायाळ हा कुरतडणारा प्राणी. तो उंदीर-घुशींच्या गणातला, वजनाने दहा-पंधरा किलोपर्यंत भरणारा. कंदमुळे, साली, पडलेली फळे हे त्याचे अन्न. जाहक अर्ध्या किलोच्या आत भरणारा, तळहातावर मावेल एवढा जीव. किडे, भुंगेरे, वाळवी, प्रसंगी विंचूही तो खातो. सायाळ संकटात पाठमोरी होऊन काटे फुलवते. जाहक डोके आणि पाय पोटाशी घेऊन गोळा होतो, कारण त्याच्या कातडीखाली स्नायूंचे एक कडे असते व ते पिशवीच्या नाडीसारखे आवळले जाते. भारतात जाहकाच्या तीन जाती सांगतात. लांब कानांची आणि फिकट रंगाची, या दोन वायव्येकडील व पश्चिमेकडील कोरड्या मुलखात आढळतात. तिसरी, उघड्या पोटाची, दक्षिणेत आढळते. जाहक हा झुडपी माळाचा रहिवासी आहे. नेरडीगोंड्याच्या सागवनात मला तो दिसलेला नाही.

आता नावाची गंमत पाहा. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्रसंगी प्राण्यांची एक लांबलचक यादी येते. तीत ‘जहका’ हा शब्द आहे आणि कोशकार त्याचा अर्थ जाहक असा करतात. परंतु पुढच्या संस्कृत कोशांत ‘जाहक’ या एकाच शब्दाला सरडा, जळू, मांजर असे नाना अर्थ चिकटलेले दिसतात. प्राणी डोळ्यांपुढून गेला आणि शब्द पोथीत उरला, म्हणजे असे होते. ‘शल्यक’ आणि ‘श्वाविध’ या शब्दांची हीच कथा. वाल्मीकिरामायणात वाली रामाला पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांची नावे ऐकवतो, त्यांत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. म्हणजे सांगणाऱ्याच्या मनात ते दोन वेगळे प्राणी होते. त्यांतला सायाळ कोणता आणि दुसरा कोणता, यावर पंडितांचे एकमत नाही.

लोकभाषा या बाबतीत पंडितांहून चोख असते. मराठीत सायाळीला साळ, साळू, सायाळ, साळिंदर अशी चार-चार नावे आहेत, कारण ती शेतकऱ्याच्या रताळ्यांवर नेमाने येते. जाहकाला मात्र घरगुती मराठी नाव सहसा ऐकू येत नाही. आपण ग्रंथातला शब्द वापरतो. गुजरातीत तसे नाही. कच्छ-काठेवाडच्या कोरड्या भूमीत हा प्राणी घराच्या आसपास फिरतो, म्हणून गुजराती माणूस त्याला ‘शेळो’ म्हणतो आणि सायाळीला ‘शाहुडी’. तमिळ शेतकरी त्याला ‘मुळ्ळेली’, म्हणजे काट्यांचा उंदीर, म्हणतो. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा ‘मुळ्ळपंदी’, म्हणजे काट्यांचे डुक्कर, हा शब्द मुख्यतः सायाळीचा आहे. जिथे प्राणी कुंपणातून आत येतो, तिथे त्याला नाव मिळते. जिथे येत नाही, तिथे नाव उसने आणावे लागते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, येणारा प्राणी यायचा थांबला, तर असलेले नावही पोथीत जाऊन बसते.

जाहकाचा एक सख्खा गणबंधू मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. तो म्हणजे चिचुंद्री. चिचुंद्रीला आपण उंदरात गणतो आणि झाडू घेऊन तिच्यामागे लागतो. परंतु तिचे लांब, हलते नाक आणि बारीक सुळेदार दात पाहिले, तर ती कुरतडणाऱ्यांपैकी नाही हे ध्यानात येते. ती जाहकाप्रमाणेच किड्यांवर जगते. झुरळे खाऊन ती आपले कामच करीत असते. माझ्या परसात न्हाणीच्या दगडामागे तिचे बिऱ्हाड आहे. एका पावसाळी संध्याकाळी आई पुढे आणि मागे प्रत्येक पिलाने पुढच्याच्या शेपटीजवळ तोंडाने धरलेले, अशी तिची आगगाडी भिंतीच्या कडेने गेलेली मी पाहिली. त्यांची ही रीत शास्त्रज्ञांनी नोंदलेली आहे. ज्याला जाहक पाहण्याची हौस असेल, त्याने आधी चिचुंद्रीला ओळखावे.

(२) गावगाड्यातील पाखरे

आपल्या जुन्या वाङ्मयात लहान प्राणी येतात ते बहुधा दृष्टांत म्हणून. कासवी, चकोर, भ्रमर, चातक यांनी संतवाङ्मय भरलेले आहे. मराठी गद्याच्या प्रारंभीच, तेराव्या शतकातील लीळाचरित्रात, पारध्यांपासून पळून आलेल्या सशाला श्रीचक्रधरस्वामींनी अभय दिल्याची लीळा आहे. ती अहिंसेचा उपदेश म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या भाषेच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाला एका सशाची धाव नोंदण्याजोगी वाटली.

तथापि परसाचे खरे वाङ्मय पोथ्यांत नाही, ते नावांत आहे. आपल्या पक्ष्यांची नावे एका ओळीत मांडून पाहा : तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल. ही पाखरांची यादी आहे, की गावातील बलुतेदारांची? तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ज्याचा आवाज, तो तांबट. पाने शिवून घरटे करणारा शिंपी. पाण्याच्या काठी शेपटी खालीवर आपटणारा धोबी. भक्ष्य काट्यावर टांगून ठेवणारा खाटीक. कावळ्या-घारींना हुसकून लावणारा आणि म्हणून ज्याच्या झाडावर इतर पाखरे निर्धास्त घरटी बांधतात, तो कोतवाल. ही नावे ज्यांनी दिली त्यांनी या पक्ष्यांचे आवाज, सवयी आणि शेजारधर्म बारकाईने पाहिलेला होता. पाहून त्यांनी पाखरांना आपल्या गावगाड्यात सामावून घेतले. एकाच शब्दात निरीक्षणही आले आणि नातेही आले.

या ज्ञानात उणीव नव्हती असे नाही. त्याला तारीख नव्हती, आकडा नव्हता आणि ते लिहिले जात नव्हते. पाल चुकचुकली की शुभाशुभ पाहिले जाई, पण पाल किती किडे खाते हे कोणी मोजले नाही. कावळा ओरडला की पाहुणा येणार हे ठरले, परंतु कावळ्याची वीण कोणत्या महिन्यात होते हे टिपून ठेवले नाही. तोंडी ज्ञान सांगणारा असेपर्यंत जगते. मोजण्या-टिपण्याची रीत आपल्याकडे आली ती एका वेगळ्या दाराने, आणि तिचा एक उमाळा साताऱ्यात आहे.

(३) साताऱ्यात जन्मलेला ‘एहा’

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी होते. मुंबई-पुण्यात शिकून एटकेन यांनी १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले व नंतर ते जकात आणि मीठ खात्यात गेले. ‘एहा’ या आद्याक्षरांच्या टोपणनावाने त्यांनी लिहिले. १८८३ साली त्यांचे ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वाघ-सिंहांची शिकार नाही. उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, कोळी, बेडूक, वाळवी आणि बागेतली पाखरे यांवर एकेक प्रकरण आहे. बंगल्याच्या व्हरांड्यात बसलेला माणूस आपल्या आवारातच एक विश्व पाहतो आणि खुसखुशीत विनोदाने त्याचे वर्णन करतो.

पुस्तकाच्या नावातला विनोद लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळी वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकारचे धोरण काय असावे, यावर चर्चा झडत. एहांनी आपल्या बंगल्याभोवतीच्या प्राण्यांना सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पिले आणि त्यांच्याशी स्वतःचे ‘परराष्ट्रीय धोरण’ कसे आहे, ते सांगितले. विनोद निर्मळ आहे. पण आपल्या नावांशेजारी तो ठेवला, की दोन दृष्टींतला फरक उठून दिसतो. परक्या राज्यकर्त्याच्या बंगल्याला तोच प्राणी सीमेवरची टोळी दिसला आणि मराठी परसाला तो गावातला बलुतेदार वाटला. एकाकडे शिस्तीची नोंद होती, दुसऱ्याकडे जवळीक होती. या दोहोंची गाठ पडणे अगत्याचे होते.

ती गाठ त्याच वर्षी मुंबईत पडली, निदान पडू लागली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. एटकेन हे तिचे पहिले मानद चिटणीस. त्या आठांत दोन मराठी नावे आहेत : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांना आपण ओळखतो. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार वैद्य, मराठीतही वैद्यकविषयक लेखन करणारे आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. १८८५ साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि ते इंग्रजीत निघाले. सृष्टिज्ञानाच्या या नव्या घराच्या पायात मराठी दगड होते, पण घरात बोलली जाणारी भाषा दुसरी राहिली. तांबट आणि कोतवाल त्या पानांवर गेले, ते इंग्रजी आणि लॅटिन नावांनी गेले.

एहांच्या चरित्रातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. आपल्या पुस्तकात डासांची थट्टा करणाऱ्या या गृहस्थांना १९०२ साली गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर मलेरियाच्या चौकशीसाठी पाठवण्यात आले. तिथे त्यांना डासाची एक नवी जात सापडली आणि तिला त्यांचेच नाव देण्यात आले : अ‍ॅनाफिलिस एटकेनी. व्हरांड्यात बसून डासाकडे पाहण्याची सवय त्या कामी उपयोगी पडली.

(४) उंदीर पडतो तेव्हा

परसाकडे पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी पुढचे प्रकरण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो घाटावर पसरला. त्या काळाने मराठीला एक भयंकर वाक्प्रचार दिला : ‘उंदीर पडणे.’ घरात उंदीर मरून पडला, की शहाणी माणसे बिऱ्हाड आवरून शेतात झोपडी घालून राहत. आपल्या पणजोबांच्या पिढीतील अनेक घराण्यांत त्या झोपड्यांच्या आठवणी सांगितल्या जात. उंदीर आणि रोग यांचा संबंध घरातील बायामाणसांनी चुलीपाशी, कणगीपाशी पाहिलेला होता.

शास्त्राने तो संबंध कसा सिद्ध केला? पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरवते. त्याच्या म्हणण्यावर वर्षानुवर्षे शंका घेतली गेली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के ठरले. पिसवेची गोष्ट घरातल्या माणसांना ठाऊक नव्हती, ती प्रयोगशाळेनेच सांगितली. पण ‘उंदीर पडला की घर सोडा’ हे त्यांना ठाऊक होते आणि त्या ज्ञानाने किती तरी जीव वाचले असतील. लोकांच्या वाक्प्रचारातील निरीक्षण टिपून ठेवणारा आणि ते प्रयोगशाळेपर्यंत नेणारा माणूस मध्ये असता, तर दोघांमधले अंतर कदाचित लवकर कापले गेले असते. आज तो मधला माणूस निर्माण करणे, हे शाळेचे काम आहे असे मी मानतो.

(५) खेतवाडीचा तबेला, सेलबोर्नची बाग

असा एक माणूस मुंबईच्या खेतवाडीत वाढत होता. सालिम अली यांचा जन्म १८९६चा. आईवडिलांच्या मागे मामांच्या घरी ते वाढले. साधारण १९०६-०७ साली, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी घरच्या तबेल्यातील चिमणीच्या घरट्यावर लिहिलेली एक टिपणी प्रसिद्ध आहे. भिंतीच्या भोकात मादी अंड्यांवर बसे आणि नर बाहेर खिळ्यावर बसे. बालवयातील शिकारीच्या हौसेने त्यांनी तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. सात दिवसांत त्यांनी आठ नर मारले आणि दर वेळी नवा नर हजर झाला. आज ही कृती आपल्याला क्रूर वाटेल. पण त्या मुलाने दिवस मोजले, नर मोजले आणि ते लिहून ठेवले, हे महत्त्वाचे. पुढे १९०८ साली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली वेगळी चिमणी घेऊन तो मुलगा त्याच सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. याच सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद राज्याची पक्षीपाहणी केली. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

परसातून शास्त्राकडे जाणारी ही वाट इंग्लंडात आधीच रुळलेली होती. सेलबोर्न या खेड्यातील पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी आपल्या बागेत आणि शिवारात जे पाहिले, ते पत्रांतून लिहिले. १७८९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांच्या बागेत जाहक भरपूर होते. हिरवळीवरच्या एका रोपट्याची मुळे तेवढी खाऊन पाने शाबूत ठेवण्याची जाहकांची रीत त्यांनी वर्णिली आहे. जाहकाच्या पाच-सहा दिवसांच्या पिलांचे काटे पांढरे असतात, हेही त्यांनी टिपले आहे. एका खेड्यातील एका बागेची ही टाचणे दोनशे वर्षांनंतरही अभ्यासली जातात.

(६) मराठी परत आली, परस मागे राहिले

मराठीने ही नोंदीची विद्या पुढे आपलीशी केली. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि बारा महिन्यांकडे डोळे उघडून पाहण्याची एक रीत मराठी वाचकाला लाभली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले, वानरांच्या टोळीवर ‘सत्तांतर’ लिहिले आणि त्या कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वनखात्यात आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्लींनी तर नावांचाच ध्यास घेतला. आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून त्यांनी पक्ष्यांची नावे वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, म्हणजे वनविद्येला साहित्याच्या मांडवात मानाचे पान मिळाले. १८ जून २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

या मंडळींनी भाषेवर मोठे उपकार केले आहेत. तरीही एक गोष्ट राहून गेली. मराठी वाचकाच्या मनात वन्यजीव म्हटले की अरण्य येते, नागझिरा येते, ताडोबा येते. सफारीचे वाहन आणि वाघ येतो. परसातील चिचुंद्री, भेक, खार आणि मुंगूस यांच्याकडे पाहायला कोणी तिकीट काढीत नाही. म्हणूनच ते नाहीसे होतात, तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचा दाखला आपल्या हयातीतला आहे. गिधाडे एके काळी इतकी होती, की त्यांना मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९९०च्या दशकात ती झपाट्याने घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती मरत आहेत, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. चिमण्यांविषयी ओरड झाली, तेव्हाही पूर्वी किती होत्या हे सांगणाऱ्या नोंदी फारशा हाती नव्हत्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या खटपटीतून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. घरातल्या पाखराकडे पुन्हा पाहायला लावणारी ती चळवळ महाराष्ट्रातून निघाली, याचा मला अभिमान वाटतो.

(७) कुंपण

आता पुन्हा नेरडीगोंड्याकडे येतो. माझ्या घराच्या तीन बाजूंना काट्यांचे जुने कुंपण आहे. त्यात घाणेरी, घायपात आणि कोणी तरी कधी तरी रोवलेला शेर आहे. चौथ्या बाजूला शेजारी नवी सिमेंटची भिंत उभी राहिली आहे. गेली बारा वर्षे मी दोन्हीकडे पाहतो आहे. काट्यांच्या कुंपणातून मुंगूस दिवसा दोन-तीनदा जाते. त्याच्या येण्याजाण्याने गवतात एक नळीसारखी वाट पडली आहे. सातभाईंचा थवा कुंपणाच्या बुडाशी पाचोळा उलथीत कलकलाट करतो. भारद्वाज आत शिरतो, तो दुसऱ्या टोकाला निघतो. पहिल्या पावसानंतर भेक त्याच वाटेने येतात आणि दिव्याखाली पडलेले किडे गिळून सकाळी परत जातात. जांभूळ पिकले, की रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी अंगणात बियांचा सडा पडलेला असतो. भिंतीच्या बाजूला सरडा तेवढा दिसतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने रचली, त्याने सरडा कुंपणाशी थांबताना पाहिला होता, कारण कुंपण हेच त्याचे घर आहे. ती म्हण आपण माणसाच्या कुवतीविषयी वापरतो, पण तिच्यात कुंपणाचा इतिहासही आहे. जुने कुंपण गुरे अडवी आणि बाकीच्यांना वाट देई. नवी भिंत सर्वांनाच अडवते. इंग्लंडातील जाहक कमी होण्याच्या कारणांत बागांच्या बंदिस्त कुंपणांचाही समावेश केला जातो. ब्रिटनच्या २०२०च्या धोक्यातील सस्तन प्राण्यांच्या यादीत जाहक ‘असुरक्षित’ ठरला. तिथे २०११ पासून चाललेल्या एका मोहिमेत लोकांना सांगतात, की आपल्या कुंपणाच्या तळाशी तेरा सेंटिमीटर लांब-रुंद एवढेच एक भोक ठेवा. एका बागेत जाहकाचे पोट भरत नाही, रात्रीत त्याला अनेक बागा हिंडाव्या लागतात. तेरा सेंटिमीटर म्हणजे आपली वीतही पुरी नव्हे. एवढ्या वाटेवर एका जिवाचे जगणे अवलंबून असते.

भाषेचेही असेच आहे, हे सरहद्दीवर राहणाऱ्यांना सांगायला नको. १९५६ साली राज्ये भाषेवर आखली गेली आणि आदिलाबाद आंध्रात राहिले. २०१४ साली ते तेलंगणात आले आणि २०१६ साली जिल्ह्याचेही विभाजन झाले. रेषा आखणाऱ्यांनी आखल्या. पण इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू यांच्या कुंपणात वाटा राहिल्या, म्हणून आपण सर्व जगलो. एकाच सायाळीला इथली मुले दोन-तीन भाषांतली नावे देतात. यातले कोणते नाव बरोबर, असे मी त्यांना विचारीत नाही. सर्व लिहून ठेवा, असे सांगतो.

(८) एक वही

म्हणून या शाळेपुढे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपुढे माझी एक विनंती आहे. शाळेच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने असावेत : प्राणी, दिवस आणि वेळ, ठिकाण, तो काय करीत होता आणि घरी त्याला कोणत्या नावाने ओळखतात. शेवटचा रकाना सोडू नये. तांबट कोणत्या आठवड्यात बोलू लागला, पहिला भेक कधी दिसला, मुंगूस एका महिन्यात किती वेळा आले, आजीने त्या किड्याला काय म्हटले, हे मुलांनी लिहावे. काही दिसले नाही, तर ‘दिसले नाही’ हेही लिहावे. गिधाडांच्या बाबतीत नेमकी तीच नोंद आपल्याजवळ नव्हती. दूर शहरांत, परदेशांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गॅलरीतून आणि बागेतून अशीच पाने लिहून शाळेला पाठवावीत. इंग्लंडात असलेल्या एखाद्याच्या पानावर जाहकही येईल आणि ते पान वाचून नेरडीगोंड्याच्या त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच भाषेत मिळेल.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला अक्षर गिरवायला शिकवले. अक्षर म्हणजे जे नाश पावत नाही ते, असा त्याचा अर्थ आपण शिकलो. प्राण्याला अमर करणे आपल्या हाती नाही. त्याला वाट ठेवणे आणि त्याचे नाव, त्याचा दिवस अक्षरात उतरवणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. या वहीच्या पहिल्या पानावर, आज घरी गेल्यावर न्हाणीच्या दगडामागे वाकून पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने चिचुंद्रीचे नाव लिहावे, अशी इच्छा व्यक्त करतो.